राडारोड्याचा श्रोता

कीर्तन उभं राहतं ते श्रोत्याच्या जिवावर, असं नरहरबुवा आठल्ये सांगायचे. बुवा कितीही गाणारा असो, समोर बसलेल्याची मान डोलत नसेल तर शब्द छपराला लागून तसाच खाली पडतो. कातळवेशीच्या हरिनाम सभागृहात त्यांनी उभी हयात कीर्तनं केली, कित्येक पिढ्यांच्या माना डोलताना पाहिल्या. आणि त्याच सभागृहातला शेवटचा श्रोता मात्र निघाला लोखंडाचा.

सभागृह पाडलं होतं. छप्पर गेलं, भिंती गेल्या, उरला तो मधोमध फुटक्या काँक्रीटचा, विटांचा नि जांभ्याचा डोंगर. त्या डोंगरात जागोजागी बोटभर जाडीचे लांब लोखंडी दांडे खोचलेले होते. दर थोड्या वेळानं एक दांडा ढिगात बारीक ठोका सोडायचा आणि बाकीचे कान लावून तो कसा पोचतो ते ऐकायचे. आवाज सलग आला तर तिथं भरीव आहे. अडखळत आला तर पोकळी आहे. या यंत्राला कंपनीनं काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. साइटवरचे लोक त्याला 'श्रोता' म्हणत.

हा श्रोता मुळात आला कशासाठी? खाडीकाठच्या गावांनी वर्षानुवर्षं पाडलेल्या घरांचा राडारोडा रातोरात खाडीत लोटला होता. कांदळवनं गुदमरली, भरतीचं पाणी बाजारपेठेत शिरायला लागलं, तेव्हा कुठं नियम झाला, की ज्या जागेचा राडारोडा त्याच जागेत जिरवायचा. फाटकाबाहेर एक घमेलंही जाऊ द्यायचं नाही. पण जिरवायचा कसा? त्याचं उत्तर एका जिवाणूनं दिलं. तो मातीत पूर्वीपासून होताच. त्याला युरिया खायला द्यावा, सोबत कॅल्शियमचे क्षार मिसळलेलं पाणी द्यावं, की तो युरिया पचवतो आणि त्याच्या अंगाभोवती चुनखडीचे कण धरू लागतात. कणाला कण चिकटतो, विटेचा तुकडा जांभ्याच्या तुकड्याला धरून बसतो. डोंगराच्या पोटात ज्याला युगं लागतात, ते काम त्याचा प्रयोगशाळेत घडवलेला वाण एका दुपारीत बरंचसं उरकायचा. या पाण्याला सगळे 'सांधण' म्हणत. श्रोता पोकळी दाखवी, पंप तिथं सांधण सोडी, आणि राडारोड्याचा दगड होई. तोच दगड नव्या इमारतीचा पाया.

या कामात माणूस लागे तो पारख करायला. ढिगातलं काय ठेवायचं, काय वेगळं काढायचं, लाकूड कुठं आहे, जिप्सम कुठं आहे, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला राडारोडा-पारखी म्हणत. कातळवेशीची पारखी होती विदुला. नरहरबुवांची एकुलती एक मुलगी.

सभागृह पाडायच्या आधी त्याची तपासणीही तिनंच केली होती. त्या दिवशी ती अण्णांकडे, म्हणजे बुवांकडे, गेली, तेव्हा ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"किती गुण दिलेस गो?"

"गुण नसतात अण्णा, वर्ग असतो. क वर्ग."

"म्हणजे नापास."

"बांधताना खाडीची वाळू वापरलीय. त्यातलं मीठ सळ्या खातंय. रंगमंचावरची तुळई तर आतून पोखरलीय. कधी खाली येईल सांगता येत नाही."

"आली असती तर आली असती. नाम घेता घेता गेलो असतो."

"आणि समोर बसलेल्या बायका? त्यांनी कुठं मागितलं होतं तसलं मरण?"

अडकित्ता थांबला.  मग अण्णा म्हणाले, "डागडुजी होईल एवढं लिहिलं असतंस तर पुरे होतं. तू माझ्या सभागृहाचा राडारोडा केलास, विदू."

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. ती रोज दुपारचा डबा पाठवायची, तो घासूनपुसून परत यायचा. पूर्वी आठल्यांच्या घरातून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलं नव्हतं. आई गेल्यावरही अण्णा डब्यात चिमूटभर साखर तरी टाकून पाठवायचे. आता डबा रिकामा यायचा. विदुला तो उघडून पाहायची आणि पुन्हा लावून ठेवायची.

त्या शनिवारी दुपारी साइटवर चिटपाखरू नव्हतं. एकदा पंप सुरू झाले की माणसांचं कामच उरत नसे. फक्त विदुला आणि श्रोता बसवणारी इंजिनिअर रुहीना परकार, दोघीच फाटकापाशी उभ्या होत्या. रुहीना जयगडकडची. तोंडानं फटकळ आणि मनानं फणसाच्या गऱ्यासारखी गोड.

"रंगमंचाखाली तळघर आहे," विदुला हेल्मेट चढवत म्हणाली. "त्यात लाकूड असणार. सतरंज्यांच्या पेट्या ठेवायचे तिथं. लाकूड आत राहिलं तर कुजेल आणि पायात पोकळी राहील."

"ते बघायला सोमवारी माणसं येतील की."

"सोमवारपर्यंत पंप तिथं पोचेल. पटकन बघून येते."

"एकटी नको जाऊस. थांब, मीही येते. तुला काही झालं तर सह्या कोण करणार?"

विदुलाचा फोन गाडीत चार्जिंगला लावलेला होता. रुहीनाचा खिशात होता, पण तळघराच्या जिन्यातून दोन वळणं खाली उतरल्यावर रेंज गेली आणि तो नुसतं घड्याळ उरला.

तळघर म्हणजे दोन माणसांनी हात पसरले तर भिंती लागतील एवढी खोली. पेट्या कुणीतरी आधीच नेल्या होत्या. विदुलानं हेल्मेटच्या दिव्यात समोरच्या कोनाड्यात हात घातला, चाचपडलं आणि धुळीनं माखलेली एक झांज बाहेर काढली.

"हे तुझं लाकूड?" रुहीनानं विचारलं.

विदुला ओशाळली. "जोडी होती. एकच राहिलीय."

"झांजेसाठी मला या बिळात आणलंस? बाजारात नवी मिळते गो."

"अण्णांची आहे. म्हटलं, डब्यात घालून पाठवीन."

रुहीना यावर काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात डोक्यावर कुठंतरी पंप सुरू झाला. जमीन बारीक थरथरली. जिन्याकडची जांभ्याची भिंत आधी नुसतीच कुरकुरली, मग जणू कुणी पोतं उपडं करावं तसा ढीग घरंगळत आला. त्या दोघी मागच्या भिंतीला चिकटल्या. धूळ बसली तेव्हा जिना दिसत नव्हता. जिन्याच्या जागी जमिनीपासून छतापर्यंत राडारोडा होता.

कुणाला लागलं नव्हतं. एवढं पाहून झाल्यावर दोघी एकदम ओरडायला लागल्या. घसा बसेपर्यंत ओरडल्या. मग रुहीना अचानक गप्प झाली आणि तिनं विदुलाच्या तोंडावर हात ठेवला.

"उपयोग नाही. दांडे ऐकतात, पण आवाज पुढं पाठवत नाहीत."

"का?"

"शेजारच्या सोसायटीनं तक्रार केली होती, आठवतं? आमच्या घरातलं बोलणं हे यंत्र ऐकतं म्हणून. तेव्हापासून नियम आहे. माणसाचा आवाज दांड्यातच पुसून टाकायचा. मीच बसवलंय ते."

"म्हणजे माणूस सोडून सगळं ऐकू जातं?"

"हो," रुहीना म्हणाली. "कायदेशीरपणे."

विदुलानं एक धोंडा उचलला. ढिगातून एक गंजकी सळई बाहेर आली होती, तिच्यावर ती धोंडा आपटत सुटली. वेड्यासारखी, कशीही. थोड्या वेळानं पंपाचा आवाज वाढला. ढिगाच्या फटींतून ओलसर, दुधट पाणी पाझरायला लागलं.

"थांब! थांब आधी!" रुहीना तिचा हात धरून ओढत होती. "वेडंवाकडं आपटलं की श्रोत्याला वाटतं ढीग खचतोय. खचतोय म्हणजे पोकळी आहे. तो आणखी सांधण सोडतोय!"

दोघी त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्याला नाकाला झोंबणारा वास होता. जिवाणू युरिया पचवतात तेव्हा अमोनिया सुटतो, हे विदुला परीक्षेत लिहून पास झाली होती. तो डोळ्यांत कसा जातो हे पुस्तकात नव्हतं. वास वर चढत होता, म्हणून खाली बसावं, तर खाली सांधण साचत होतं. शेवटी दोघी उकिडव्या बसल्या, ओढणी नाकाला लावली, आणि त्यात रुहीनाला हसू फुटलं.

"काय झालं?"

"माझी आई उन्हाळ्यात फणसाच्या गऱ्यांचं सांदण वाफवते. मला आवडत नाही म्हणून ओरडते. तिला सांग, तुझी पोरगी शेवटी सांधणातच गेली."

"गप्प बैस."

"घाबरल्यावर मला असंच होतं."

विदुलानं ढिगाला हात लावून पाहिला. मघाशी हलणारे खडे आता हलत नव्हते. दोन विटांच्या मधे पांढरी, साखरेसारखी कड धरली होती. ती नखानं खरवडली, तर नख तुटलं. तिला माहीत होतं हे पुढं कसं जाणार. तिनं असे कितीतरी ढीग पाहिले होते, बाहेरून. बाहेरून ते सुंदर दिसे. चुरा सगळा, आणि बघता बघता त्याचा एकसंध खडक. ते दाखवायला ती शाळेची मुलं घेऊन यायची. आता ती त्या खडकाच्या आत होती, आणि खडक मन लावून वाढत होता. बाहेर श्रोत्याच्या पडद्यावर ही खोली म्हणजे एक पोकळी होती. अजून भरायची राहिलेली.

"ठरावीक अंतरानं ठोकलं तर?" तिनं विचारलं. "ठक, ठक, ठक. कुणाच्याही लक्षात येईल."

"कुणाच्याही येईल, त्याच्या नाही. सारख्या अंतरानं आलं की ते यंत्र. शेजारी कुणीतरी ड्रिल मारतंय, पंप चाललाय, असं समजून सोडून देतो."

"आणि वेडंवाकडं आलं की खचणं."

"हो."

"मग तो माणसाला बोलावतो तरी कधी?"

रुहीनानं डोळे पुसले. "जे यंत्रही नाही आणि खचणंही नाही, ते त्याच्या कुठल्याच खणात बसत नाही. तसं आलं तर पंप थांबवतो, आवाज जसाच्या तसा पारख्याला पाठवतो आणि विचारतो, हे काय आहे?"

"पारखी मी आहे."

"माहितेय. तुझा फोन गाडीत वाजेल."

"आणि मी उचलला नाही तर?"

"थोडा वेळ वाट बघतो, मग पुन्हा पंप चालू. दुसऱ्यांदा तसंच झालं तर दुसऱ्या क्रमांकाला लावतो. दुसरा क्रमांक कुणाचा दिलायस?"

 तपासणीच्याही आधी कागद भरले तेव्हा सभागृहाच्या जवळ राहणारं, दिवसभर घरी असणारं कुणी हवं होतं. तेव्हा अण्णा बोलत होते. रस्ता ओलांडला की त्यांचं घर.

"अण्णांचा," ती म्हणाली. "ते अनोळखी नंबर उचलत नाहीत."

"मस्त!" रुहीना म्हणाली, आणि या वेळी ती हसली नाही.

सांधण घोट्यापर्यंत आलं होतं. विदुला हातातल्या झांजेकडे पाहत होती. यंत्र नाही, खचणं नाही. ठेका असेल, पण घड्याळाचा नाही. चढत जाणारा, श्वासाबरोबर वरखाली होणारा. तिनं झांज सळईपाशी धरली.

"काय करतेस?"

"गजर. कीर्तनात शेवटी नामाचा गजर होतो ना, धुमाळीच्या ठेक्यात, त्याची लय चढत जाते."

तिनं सुरुवात केली. झांजेची कड सळईवर पडली की आवाज ढिगात लांबपर्यंत शिरत होता. ती अगदी जपून वाजवत होती. एकही ठोका इकडचा तिकडे नाही. लहानपणी याच रंगमंचावर, अण्णांच्या मागं ती झांज घेऊन उभी राहायची आणि दर वेळी तिचं एकच चुकायचं. समेच्या, म्हणजे आवर्तन जिथं येऊन बसतं त्या ठोक्याच्या, अगदी आधी तिचा हात एक जादा ठोका मारून मोकळा व्हायचा. जणू सम तिला घ्यायला येतच नव्हती, म्हणून हीच पुढं धावायची. अण्णा भर कीर्तनात मागं वळून म्हणायचे, "विदू, देव कुठं पळून जात नाही. सम येऊ दे." सभागृह हसायचं. एकदा ते हसणं तिला लागलं, आणि तिनं झांज खाली ठेवली ती कायमची. आता मात्र ती चुकायची नाही. आता चुकून चालणार नव्हतं.

पंप चालूच राहिला.

"फार नीट वाजवतेस," रुहीना म्हणाली. "यंत्रासारखं. तो तुला ड्रिल समजतोय."

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? माझ्या घरी कव्वाली ऐकतात."

 वास घशात उतरत होता. विदुलानं पुन्हा ठेका धरला आणि या खेपेला, ऐकणारं कुणी नाही हे माहीत असूनही, तोंडानं नाम सुरू केलं. विठ्ठल, विठ्ठल. दांडे पुसून टाकणार होते ते. पुसू देत. रुहीनानं तिच्याकडे पाहिलं आणि मांडीवर थाप द्यायला लागली. "मी नुसता ताल धरते. नाव तू घे." लय चढली. विदुलाला ढीग दिसेनासा झाला. तिला समोर सतरंजी दिसली, अण्णांची पाठ दिसली, उपरण्याचं हेलकावणारं टोक दिसलं. सम जवळ आली, आणि तिच्या हातानं, तिला न विचारता, तो जादा ठोका मारला.

"हां, चुकले," ती धापा टाकत म्हणाली.

"परत चूक," रुहीना म्हणाली.

"काय?"

"ऐक."

पंप बंद झाला होता.

फटींतून गळणारे थेंब तेवढे ऐकू येत होते. दोघी हात घट्ट धरून बसल्या. फाटकाबाहेर, उन्हात तापलेल्या गाडीत आता एक फोन वाजत असणार. वाजून वाजून थांबला असणार. तेवढा वेळ गेला, आणि पंप पुन्हा सुरू झाला.

"दुसऱ्यांदा," रुहीना म्हणाली. "आता अण्णांची पाळी. तसंच चूक."

पण ठरवून चुकता येईना. ठरवून मारलेला जादा ठोका प्रत्येक वेळी मोजून मारल्यासारखा पडायचा, आणि वर पंप चालूच. पाणी पोटरीला लागलं. विदुलाला रडू आलं. मग तिनं प्रयत्नच सोडला. डोळे मिटले आणि नुसतं नाम घेत राहिली, वाचण्यासाठी नव्हे, आता दुसरं काही हातात उरलं नव्हतं म्हणून. लय आपोआप चढली. हात त्याच्या जुन्या वाटेनं गेला. समेच्या अलीकडे पुन्हा तोच उतावळा ठोका पडला.

पंप थांबला.

या वेळी शांतता लांबली. विदुलाच्या मनात रस्त्यापलीकडचं घर उभं राहिलं. पोथीशेजारी ठेवलेला फोन, त्यावरचा अनोळखी नंबर, चष्म्यावरून तिकडे पाहणारे अण्णा. ते फोन उलटा ठेवतील. नेहमी तसंच करतात. आणि उचलला तरी काय ऐकू येणार? लोखंडावर लोखंड. त्यात माणसाचा आवाज नाही, नाव नाही, हाक नाही. फक्त एका राडारोड्यातून आलेला खणखणाट, आणि एका यंत्राचा प्रश्न: हे काय आहे?

"कितीपर्यंत वाट बघतो तो?" तिनं विचारलं.

"बघून झालीय," रुहीना हळूच म्हणाली. "एव्हाना पंप सुरू व्हायला हवा होता."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी 'थांब' म्हटलंय."

विदुलानं कान सळईला लावला. लोखंड गार होतं. आधी काहीच नव्हतं. मग फार लांबून, ढिगाच्या दुसऱ्या टोकाकडून, दांड्यावर कुणीतरी काहीतरी टेकवल्यासारखं झालं. मग एक ठोका. मग दुसरा. धुमाळी. सावकाश, म्हाताऱ्या हाताची, पण एकेक मात्रा जागच्या जागी. असा ठेका कातळवेशीत एकच माणूस धरायचा. आणि आवाज पितळेचा होता. जोडीतली दुसरी झांज कुठं होती, ते तिला त्या क्षणी कळलं.

लय पुढं सरकली. समेजवळ आली. आणि ज्या माणसानं भर सभेत कधी तो ठोका खपवून घेतला नव्हता, त्यानं स्वतःच्या हातानं, समेच्या अगदी आधी, तो जादा ठोका मारला. तिचा. जसाच्या तसा, उतावळा.

मग तो थांबला. सम रिकामी सोडली.

"काय म्हणतायत?" रुहीनानं विचारलं.

 विदुलानं ओल्या हातानं झांज उचलली, क्षणभर तशीच धरली, सम येऊ दिली, आणि मग वाजवली.

वर, पलीकडे, पहारींनी ढीग फोडायला सुरुवात झाली.